बुवांच्या पुस्तकातलं जादा वाक्य

खोली भाड्याने हवी असेल तर आधी पुस्तक उघडून दाखव, असं सांगणारा घरमालक मला आयुष्यात एकच भेटला. अमेरिकेत, पार्सिपनीतल्या त्या घराचं बेसमेंट बघायला मी गेले, तेव्हा काकांनी ना माझं ॲडमिशन लेटर मागितलं, ना डिपॉझिटची गोष्ट काढली. त्यांनी मला बेसिनपाशी नेलं, साबणाने हात धुवायला लावले, बोटांच्या फटी कोरड्या झाल्या की नाही ते स्वतः वाकून पाहिलं. मग डायनिंग टेबलावर एक उशी ठेवली आणि तिच्यावर तपकिरी कातडी बांधणीचं एक जाडजूड पुस्तक.

"उघड," म्हणाले.

मी उघडलं.

"आता पान उलट. कुठून धरलंस?"

"वरच्या कोपऱ्यातून."

काका स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, राहू दे हिला."

माझ्या आदल्या दिवशी एक मुलगा येऊन गेला होता. हुशार, नम्र, शाकाहारी, काकूंना आत्या म्हणाला होता. पण पान उलटताना त्याने बोटाला थुंकी लावली आणि त्याची खोली गेली. "बरा होता हो पोरगा," असं काकू पुढे दोन वर्षं म्हणत राहिल्या. विशेषतः मी कचऱ्याचे डबे बाहेर काढायला विसरले की हटकून म्हणत.

पुस्तक एका इंग्रज तत्त्वज्ञाचं होतं, सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण काकांच्या तोंडून ते मी क्वचितच ऐकलं. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसे ते त्याला 'आमचे बुवा' म्हणायचे. बुवा असं म्हणतात, बुवांना हे पटलं नसतं, बुवा असते तर या प्लंबरला उभं केलं नसतं. मी पहिले दोन आठवडे समजत होते की साताऱ्याकडचे कोणी गुरुमहाराज असावेत. काकूंचा हिशोब सरळ होता. "माझी सवत आहे ती," त्या सांगायच्या, "आणि तीही दाढीमिशा नसलेला पुरुष."

काका एका औषध कंपनीच्या लॅबमधून रिटायर झालेले. गोळ्यांवरचं गुळगुळीत आवरण हा त्यांचा विषय. बुवांची गाठ कशी पडली, तर म्हणे अमेरिकेत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात बस चुकली, थंडीपासून वाचायला एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरले, आणि दुकानदार हाकलून देऊ नये म्हणून हाताला लागलं ते पुस्तक वाचायला लागले. जे काही ज्ञान आहे ते माणसाला अनुभवातून येतं, जन्मतः मन कोरं असतं, असं बुवांचं म्हणणं. ते काकांना इतकं भिडलं की पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी घरात कोणालाही सुखाने एक वाक्य पुरं करू दिलं नाही. बाहेर बर्फ पडतोय म्हटलं की, "स्वतः पाहिलंस?" कढी फुटली म्हटलं की, "स्वतः पाहिलंस?" एकदा काकू वैतागून म्हणाल्या, "नाही, शेजारच्या पटेलीणबाईंनी सांगितलं." काका उठून शेजारी विचारायला गेले.

भाडेकरूंना ते विषयाच्या नावाने हाक मारायचे. माझ्याआधी 'केमिकल' होता, त्याच्याआधी 'सिव्हिल'. मी 'सांख्यिकी' झाले. "सांख्यिकी, खाली आहेस का? वर ये, बुवा काय म्हणतात ऐक." मी रात्रंदिवस थीसिसमध्ये बुडालेली असायचे, पण वर गेले की काकूंच्या हातचं काहीतरी मिळायचं. त्यामुळे बुवांच्या विचारांचा माझा अभ्यास बराच झाला, आणि त्या काळात माझं वजनही वाढलं.

आता त्या संग्रहाबद्दल सांगायला हवं. बुवांच्या पहिल्या आवृत्त्या परवडायच्या तर काकांना अख्खी औषध कंपनीच विकावी लागली असती. म्हणून ते लंगडी पुस्तकं घ्यायचे. कुणाची पहिली पानं गेलेली, कुणाचा पुठ्ठा निखळलेला, कुणाच्या पोटात वाळवीने बोगदा केलेला. पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या घरांच्या विक्रीत, दुकानांच्या मागच्या खोल्यांत अशी पुस्तकं धूळ खात पडलेली असतात. काका ती घरी आणायचे. "माझा पांजरपोळ आहे हा," ते म्हणत. "धडधाकट गायी घ्यायला पुष्कळ लोक आहेत."

आणि पांजरपोळात जनावर आलं की त्याची शुश्रूषा आलीच. काकांचे वडील वाईला भिक्षुकी करायचे. त्यांचा नेम असा की घरात पोथी अपुरी ठेवायची नाही. एखादं पान गहाळ झालं, फाटलं, उंदरांनी खाल्लं, तर दुसरीकडून पोथी मागून आणायची, बोरू घ्यायचा आणि ते पान स्वतःच्या हाताने उतरवून जागी बसवायचं. वर 'श्री' घालायचं, खाली एका ओळीत लिहायचं की जसं दिसलं तसं उतरवलं, चूकभूल माफ असावी. काकांनी हाच नेम बुवांच्या पुस्तकांना लावला. मूळ मजकूर लायब्ररीतून मिळवायचा आणि गेलेलं पान हाताने लिहायचं.

माणूस मुळात केमिस्ट, त्यात हट्टी. साध्या कागदावर बॉलपेनने लिहून भागणार नव्हतं. बुवांच्याच काळातली प्रवचनांची पुस्तकं असतात, ज्यांना आजकाल कोणी कुत्रं विचारत नाही, त्यांची मागची-पुढची कोरी पानं ते कागद म्हणून वापरायचे. शाई घरीच व्हायची. आयसेलिनला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून हिरडा आणायचा, तो उकळायचा, त्यात हिराकस आणि बाभळीचा डिंक घालायचा. दुकानदाराला वाटे काकांना जन्माचा मलावरोध आहे. तो आस्थेने विचारायचा, "अंकल, अभी भी साफ नहीं होता?" काका आस्थेने सांगायचे, "पहले से बेहतर है." लेखणीसाठी पीस हवं, तर पार्सिपनीत ऑफिसांच्या तळ्यांभोवती हंसांची काही वाण नाही. वॉचमन हटकायला आला की काका त्याला बुवांचं ज्ञानाविषयीचं मत ऐकवायचे. मग तो परत कधी हटकायचा नाही.

अक्षरही असंच. बुवांच्या पत्रांच्या छापील प्रतिकृती समोर ठेवून त्यांनी दोन हिवाळे घटवून घटवून तसं वळण काढलं होतं. बेसमेंटमध्ये माझ्या वॉशर-ड्रायरशेजारी त्यांचं टेबल होतं. मी कपडे वाळायची वाट बघत बसायचे आणि शेजारी सतरावं शतक चालू असायचं. पानाच्या माथ्यावर न चुकता बारीकसं 'श्री', आणि तळाशी ती कबुलीची ओळ, वडिलांसारखी मोडीत.

"काका, ही ओळ इंग्लिशमध्ये का नाही लिहीत?"

"मोडीतच लिहायची असते," ते म्हणाले. याला पुरावा काय, ते मी विचारलं नाही.

एके दिवशी त्यांनी मला एक छापील आवृत्ती दिली आणि शेजारी त्यांचं एक हस्तलिखित पान ठेवलं. "सांख्यिकी, फरक शोध." चेहरा असा, की फटाका लावून कोपऱ्यात लपलेलं पोर. मी ओळ न् ओळ ताडून पाहिली. पुस्तक मुलांच्या संगोपनाविषयी होतं. मुलांना लाडावू नये, थंडीची सवय करावी, आणि बूट असे द्यावेत की आत पाणी शिरेल, म्हणजे पाय कणखर होतात, असं बुवांचं म्हणणं. काकांच्या पानात हे सगळं होतं आणि शेवटी एक वाक्य जास्तीचं होतं. बुवांच्याच थाटाच्या जुन्या इंग्रजीत, अधूनमधून मोठी अक्षरं टाकून. त्याचा अर्थ असा: पण मूल रडू लागलं तर त्याला कोरडे मोजे द्यावेत, आणि ओले पाय घेऊन बापाने हिंडावं.

"हे कुठून आलं?"

"बुवांच्या मनात असणार. राहून गेलं असेल."

"काका, खाली तुम्हीच लिहिलंय ना, जसं दिसलं तसं उतरवलं म्हणून?"

"मला असंच दिसलं," काका म्हणाले आणि पान आवरून घेतलं.

खरी गोष्ट मला काकूंनी सांगितली, कोथिंबीर निवडता निवडता. त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, आठ वर्षांची असताना काकांनी तिच्या स्नो-बूटांच्या तळव्यांना ड्रिलने भोकं पाडली होती. बुवा म्हणतात ना. पोरगी महिनाभर ओल्या पायांनी स्कूल-बसची वाट बघत उभी राहिली. रडली तर काका म्हणायचे, सवय होईल. शेवटी निमोनिया झाला आणि आठ दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. शाळेने बोलावलं, तर काका पुरावा म्हणून पुस्तक घेऊन गेले. त्या दिवशी घरी आल्यावर काकूंनी ते पुस्तक उघडलं, बुटांचं पान शोधलं, टरकन फाडलं आणि गॅसवर धरलं.

"त्यांच्याकडलं ते एकच पुस्तक अखंड होतं," काकू म्हणाल्या. "ते मी लंगडं केलं. मला काही वाईट वाटलं नाही. आजही नाही वाटत." कोथिंबिरीच्या काड्या त्यांनी जरा जोरातच मोडल्या. काका तेव्हा ना मुलीला सॉरी म्हणाले, ना काकूंना रागावले. रिटायर झाल्यावर आधी त्या पानाला हात घातला. ताईला या वाक्याचा पत्ता नव्हता. काकूंनाही नव्हता, कारण सवतीचं अक्षर वाचायचं नाही अशी त्यांनी शपथच घेतलेली. मी मात्र दोघांच्या मध्ये कपडे वाळवत बसलेली, मला सगळं ठाऊक. कोणाला सांगावं की नाही या विवंचनेत मी नेहमीप्रमाणे काहीच केलं नाही.

माझ्या शेवटच्या वर्षी ताईने फर्मान काढलं. ती व्हर्जिनियात हर्नडनला राहते. काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काकूंचे गुडघे जिन्याला वैतागलेले. घर विकायचं आणि दोघांनी तिच्याकडे यायचं. फोन स्पीकरवर होता. "आई, बाबा, खालची रूम तुमचीच आहे. पण बुक्स नाही हं. बाबा, दोन बॉक्सेस, मॅक्स. खाली होम थिएटर आहे, जागाच नाहीये."

दोन बॉक्सेस. काका त्या दिवशी जेवले नाहीत. कढी फुटल्याचं मी वर्दी द्यावी तसं मोठ्याने सांगितलं, तरी "स्वतः पाहिलंस?" म्हणाले नाहीत. घराची, झाडांची, शेजाऱ्यांची त्यांना फिकीर नव्हती. पुस्तकं कुठे जाणार हा एकच घोर. इतक्या पानांवर त्यांचा हात फिरलेला होता की ती दुसऱ्या कोणाला रद्दी वाटली असती तर ते त्यांना सोसलं नसतं.

दीड तासावर एका युनिव्हर्सिटीची लायब्ररी होती. तिथे बुवांची खरी पत्रं, खऱ्या हस्तलिखित वह्या आहेत. काका वर्षातून दोनदा त्यांचं दर्शन घेऊन यायचे. आपली पुस्तकं तिथे फुकट द्यावीत असं त्यांनी ठरवलं आणि पत्र पाठवलं. उत्तर आलं की आभारी आहोत, पण अपूर्ण प्रती आम्ही घेत नाही. काका म्हणाले, "अपूर्ण? मी काय आयुष्यभर झोपा काढल्या?" आणि मला गाडी काढायला लावली. बरोबर एकच पुस्तक घेतलं, बुटांचं.

दुर्मीळ पुस्तकांच्या विभागाच्या प्रमुख बाई उंच आणि शिष्टाचाराच्या पक्क्या होत्या. नको असलेल्या स्थळाचे फोटो बघावेत तशा त्या पानं उलटत होत्या. मग हाताने लिहिलेलं पान आलं आणि त्या थांबल्या. भिंग घेतलं. पान उजेडाकडे धरून कागद पाहिला. शाई पाहिली. मग कुठेतरी फोन लावला आणि पाच मिनिटांत लाल दाढीवाला एक तरुण प्राध्यापक धापा टाकत आला. त्याने पान वाचलं, परत वाचलं, आणि शेवटच्या वाक्यावर त्याचं बोट हवेतच राहिलं.

"हे वाक्य छापील पुस्तकात नाही," तो हळूच म्हणाला.

त्याच्या मते हे पान बुवांच्याच काळातलं, त्यांच्या कारकुनाच्या हातचं. कुठल्यातरी हरवलेल्या मसुद्यावरून उतरवलेलं. माथ्यावरचं ते बारीक चिन्ह आणि तळाची ती ओळ त्याला विशेष आवडली. बुवा लघुलिपी वापरायचे, हे त्याला माहीत होतं. मोडी नावाची चीज जगात आहे, हे नव्हतं.

मी काकांकडे पाहिलं. आता बोलतील, मग बोलतील. काका खुर्चीत हात मांडीवर ठेवून, सत्यनारायणाला बसलेल्या यजमानासारखे शांत बसून होते. पुस्तक कुठून मिळालं असं बाईंनी विचारलं. काकांनी दुकानाचं नाव सांगितलं, ते खरंच होतं. तपासणीसाठी ठेवून घेऊ का, विचारलं. काका म्हणाले, अवश्य. बाकीची पुस्तकंही बघायला येऊ का, विचारलं. काका म्हणाले, या की.

परत येताना ते टर्नपाइक हायवेवर नाट्यगीत म्हणत होते.

काकूंनी दारातच ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे खोटं बोललात."

"बोललो कुठे? मी काही बोललोच नाही. हिला विचार."

"आणि खाली लिहून ठेवलंय मोडीत," मी म्हटलं. मी कोणाच्या बाजूची होते ते आता मलाही सांगता येणार नाही.

"बघ. लिहून ठेवलंय. त्यांना वाचता येत नाही हा काय माझा दोष?"

"अहो, तो पोरगा उद्या त्यावर पेपर छापेल. त्याची नोकरी जाईल."

यावर काकांनी दोन दिवस टीव्हीवर क्रिकेट पाहिलं, ज्यातलं त्यांना काही कळत नाही. पण तिसऱ्या दिवशी लायब्ररीचं पत्र आलं, की संपूर्ण संग्रह स्वीकारण्याचा आम्ही आनंदाने विचार करत आहोत. ते त्यांनी फ्रिजला मॅग्नेटने लावलं. येता-जाता वाचायचे. हे सगळं खोट्यावर उभं आहे हे त्यांना कळत होतं, आणि तरी ते इतके खूश होते की मला त्यांचा राग येईना. काकूंना येत होता. त्यांनी पत्रावर ग्रोसरीची यादी लावली.

तीन आठवड्यांनी लाल दाढी घरी आली. निबंधाचा मसुदा बरोबर होता, शुक्रवारी तो एका मोठ्या जर्नलला जायचा होता. काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. तिसऱ्यांदा वाढून घेऊन तो म्हणाला की या एका वाक्याने बुवांचं सगळं चरित्र बदलतं. ज्या माणसाला आपण कोरडा ठणठणीत समजत होतो, त्याला मुलांची माया होती. काका मान डोलवत होते. मी खिचडीतले दाणे मोजत होते. पुढे तो म्हणाला, "अर्थात, वाक्याची रचना जरा ओबडधोबड आहे. बुवा असं लिहिणार नाहीत. विचार त्यांचा, पण शब्द त्या कारकुनाचे असणार. बिचारा फारसा शिकलेला नसावा."

काकांचा चमचा थांबला.

"ओबडधोबड?"

"शेवटचा भाग विशेषतः. लय बसत नाही."

"ते वाक्य लिहायला मला अकरा दिवस लागले," काका म्हणाले.

प्राध्यापक हसला. मग आमच्याकडे कोणी हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. काकूंनी कपाळाला हात लावला, पण पदराआड त्या हसत होत्या असा मला आजही संशय आहे. काकांनी त्याला हाताला धरून बेसमेंटमध्ये नेलं. हिरड्याची बाटली दाखवली, हंसाची पिसं दाखवली, आणि टेबलाशी बसून त्याच्यासमोर ते वाक्य पुन्हा लिहून काढलं. लिहिताना लय कशी आहे ते मोठ्याने म्हणूनही दाखवलं. तो माझ्या ड्रायरवर बसला होता.

"आणि खालची ओळ?" त्याने क्षीण आवाजात विचारलं. "ती मी लघुलिपीच्या दोन तज्ज्ञांना पाठवली आहे. एकाने अर्धी वाचूनसुद्धा दिली. लॅटिन आहे म्हणतो."

काकांनी त्याला अर्थ सांगितला. मी त्या माणसाला पाणी आणून दिलं. जाताना त्याने काकांचा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही, आणि म्हणाला की शुक्रवारच्या आधी सांगितलंत, उपकार झाले. काकांना हे ऐकून लाज वाटली. ती मी त्यांच्या तोंडावर पाहिली, स्वतः पाहिली. कारण त्यांनी सांगितलं ते काही त्याच्यासाठी नव्हतं.

लायब्ररीचं दुसरं पत्र चार ओळींचं होतं. पुस्तक परत पाठवत आहोत, संग्रह घेता येणार नाही. हे पत्र कोणी फ्रिजला लावलं नाही. काकांनी पिसं फेकून दिली, शाई मोरीत ओतली. मोरी काळी झाली म्हणून काकू नेहमीसारख्या बोलतील असं मला वाटलं, पण त्यांनी मुकाट्याने घासली. घर विकलं गेलं. पुस्तकं मी बांधत होते आणि काका जिन्यात बसून बघत होते. बावीस खोकी भरली. दोन हर्नडनला जाणार, उरलेली एका धर्मादाय दुकानवाल्याच्या ट्रकमधून, शनिवारी. कुठली दोन, हे काका सांगतच नव्हते. विचारलं की म्हणायचे, "तुला वाटतील ती घे." इतका आज्ञाधारक झालेला तो माणूस मला बघवत नव्हता.

शुक्रवारी ताई आली. पोर्चवर लायब्ररीचं पार्सल पडलेलं होतं, ते तिने आत आणलं आणि किचनमध्ये उभ्या उभ्या कात्रीने उघडलं. काकू मसाल्याचे डबे पेपरात गुंडाळत होत्या. काका टेबलाशी होते. मी खालून पंधरावं का सोळावं खोकं वर आणत होते. लायब्ररीने त्या पानाशी चिठ्ठी घातली होती: हे पान मूळचं नाही, अलीकडचं आहे. ताईने चिठ्ठी वाचली आणि मग साहजिकच पान वाचायला लागली.

"ओ माय गॉड, हे ते शूजवालं बुक आहे." ती हसली. मग हसायची थांबली. ओठ हलवत तिने शेवटची ओळ वाचली, आणि परत पहिल्यापासून वाचली. काकूंच्या हातातला डबा तसाच राहिला.

"बाबा, हे लास्ट सेंटेन्स तू लिहिलंस?"

"बुवांचं पुस्तक आहे."

"बाबा."

काका खिडकीबाहेर बघत राहिले.

"तू मला कधी सॉरी म्हणाला नाहीस. नॉट वन्स. आय वॉज एट."

"बुवांनी म्हटलंय ना आता," काका म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

"त्यांना तर मुलंच नव्हती, बाबा. तूच सांगायचास."

"म्हणून तर मला लिहावं लागलं."

ताईने पुस्तक टेबलावर ठेवलं, उशी नव्हती तरी अगदी हळू ठेवलं, आणि किचन टॉवेलने डोळे पुसले. काकूंनी डबा खाली ठेवला, टेबलावरचं पुस्तक आपल्याकडे वळवून घेतलं आणि चष्मा लावला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या सवतीचं अक्षर वाचत होत्या. त्यांना वेळ लागला. आम्ही थांबलो. वाचून झाल्यावर त्यांनी काकांच्या पुढ्यातला गार झालेला चहा उचलून गरम करायला ठेवला.

"ओके," ताई नाक पुसत म्हणाली. "होम थिएटर कोणी बघत नाही तसंही. टोटल किती बॉक्सेस आहेत?"

मी सोळावं खोकं हातात धरून दारात उभी होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

"पाच-सहा असतील," ते म्हणाले.

काकू गॅसपाशी होत्या. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"सहा कुठले?" त्या म्हणाल्या. "चारच आहेत."